वाचक विचारतात : पायदळाच्या हाती कोणती रायफल?

गेल्या अंकात आम्ही भारतीय पायदळाच्या नव्या रायफलींबद्दल, म्हणजे एके-२०३ आणि सिग-७१६ बद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे थोडक्यात देऊन उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आधी ७.६२ची एसएलआर होती, मग ५.५६ची इन्सास आणली, आता पुन्हा ७.६२. हे फिरून फिरून भोपळे चौकात नव्हे का? (सातारा)

उत्तर : तसं वाटतं खरं, पण ७.६२ म्हणजे एकच काडतूस नव्हे. हा आकडा फक्त नळीचा व्यास सांगतो, मिलिमीटरमध्ये. खरी ओळख त्याच्या पुढच्या आकड्यात, म्हणजे पुंगळीच्या (दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याच्या) लांबीत असते. एसएलआर आणि सिग-७१६ यांचं काडतूस ७.६२ × ५१, तर एके-२०३ चं ७.६२ × ३९. पुंगळी लांब असली की दारू जास्त मावते. ५१च्या काडतुसातली साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने नळीबाहेर पडते, ऊर्जा साधारण ३,३०० ज्यूल. ३९ची गोळी ७.९ ग्रॅमची, वेग ७१५ मीटर, ऊर्जा २,००० ज्यूलच्या आसपास. इन्सासच्या ५.५६ × ४५ची गोळी अवघी ४ ग्रॅमची, पण वेग ९०० मीटर. ऊर्जा १,६०० ज्यूलच्या घरात.

एवढ्यावरून ५१ सरस वाटेल. पण आता वजनकाटा काढा. अख्खं काडतूस अनुक्रमे २४, साधारण साडेसोळा आणि १२ ग्रॅम भरतं. जवानाला ३ किलो काडतुसं उचलायची असतील (मॅगझीनचं वजन वेगळं), तर ५१ची १२५, ३९ची १८० आणि ५.५६ची २५० बसतात. म्हणजे मोठ्या काडतुसासाठी निम्मा दारूगोळा सोडावा लागतो, शिवाय खांद्याला धक्का जास्त आणि दुसरा नेम साधायला वेळ जास्त. अमेरिकेने २०२२ मध्ये ६.८ × ५१ ची नवी रायफल निवडली, तेव्हा जवानाकडचे राउंड २१० वरून १४० वर आले. तिथेही या मुद्द्यावर अजून वाद चालू आहे.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न रायफलीचा नसतोच. तो असतो, 'गोळी किती अंतरावर चालवायची आहे?' १९५२ साली अमेरिकी लष्करासाठी झालेल्या अभ्यासात असं दिसलं की पायदळाची रायफल ३०० यार्डांपलीकडे क्वचितच उपयोगी पडते, कारण पलीकडचा माणूस बहुधा दिसतच नाही. जगाला छोट्या काडतुसाकडे वळवणाऱ्या कारणांत तो अभ्यास एक होता. आपल्या इन्सासची आखणीही त्याच वळणाने झाली. पण नियंत्रण रेषेवर एका धारेवरून समोरच्या धारेवर पाहायचं असतं, मध्ये दरी, आणि समोरचा ४०० ते ५०० मीटरवर उघडा दिसतो. काश्मीरच्या गावातल्या गल्लीत मात्र हेच अंतर २० मीटर असतं. एकाच सैन्याला दोन्ही ठिकाणी लढायचं असल्यामुळे काडतुसं दोन झाली. आमच्या मते हा गोंधळ नाही, पण तो फुकटही पडत नाही. त्याबद्दल पुढे वरणगावच्या प्रश्नात.

प्रश्न : ५.५६ची गोळी मुद्दाम 'मारायला नाही, जखमी करायला' निवडली, कारण एका जखमीला उचलायला दोघे गुंततात, असं सगळीकडे ऐकतो. खरं आहे? (नांदेड)

उत्तर : नाही. निवड झाली ती वजन, सपाट मार्ग आणि कमी धक्का यांसाठी. ही गोळी वेगात असताना शरीरात शिरली की आडवी होते आणि बरेचदा फुटते. त्या जखमा सौम्य नसतात. पण फुटण्यासाठी वेग सेकंदाला साधारण ७५० ते ८०० मीटरच्या वर लागतो. नळी आखूड केली किंवा अंतर वाढलं की वेग त्याखाली येतो, आणि गोळी आरपार छोटं भोक पाडून निघून जाते. 'मरत नाही' ही तक्रार तिथून आली आणि तिच्यावर हे तत्त्वज्ञान मागाहून चिकटवलं गेलं.

प्रश्न : इन्सास आपल्या पुण्यात, पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली. मग कारगिलमध्ये तिचं नाव का खराब झालं? रचनाच चुकली होती का? (पुणे)

उत्तर : रचनेचा मूळ गाभा, म्हणजे गोळीमागच्या वायूने ढकलला जाणारा पिस्टन आणि काडतूस नळीत ढकलून कुलूपबंद करणारा फिरणारा बोल्ट, जगभर चाललेला होता. त्रास झाला तो कडेच्या भागांत, आणि शिकण्यासारखं तिथेच आहे. १९९९ मध्ये तीन मुख्य तक्रारी आल्या. थंडीत प्लॅस्टिकची मॅगझीन तडकत. तीन राउंडांच्या बर्स्टवर (चाप एकदा ओढला की तीनच गोळ्या) ठेवलेली रायफल सलग चालू लागे. आणि गोळी झाडताना तेल डोळ्यांत उडे.

मॅगझीन हातात घेऊन पाहा. वरच्या तोंडाशी आत वळलेले दोन ओठ असतात. वरचं काडतूस त्या दोन ओठांनीच दाबून धरलेलं असतं आणि बोल्ट पुढे येताना ते तिथूनच ढकलतो. ओठ केसभर जरी फाकले, तरी काडतुसाचं नाक वर किंवा खाली झुकतं, चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या) तोंडाऐवजी कडेला आपटतं आणि रायफल अडते. प्लॅस्टिक पारदर्शक ठेवण्याचा फायदा असा की उरलेले राउंड दिसतात. पण उणे तापमानात असं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, आणि दगडावर आपटलेली मॅगझीन वरवर धड दिसली तरी कामातून जाते. एके-४७ची लोखंडी मॅगझीन रिकामी असतानाच ३०० ग्रॅमच्या वर भरते. त्या जास्तीच्या वजनात सहज न फाकणारे लोखंडी ओठही येतात.

बर्स्टचं म्हणाल, तर त्यासाठी चापाच्या यंत्रणेत राउंड मोजणारं दातेरी चाक लागतं. छोटा भाग, बारीक दाते. मळ साचला किंवा झिजला की मोजणी चुकते. अमेरिकेनेही एम-१६ए२ वर बर्स्ट घातला आणि पुढे एम-४ए१ मध्ये काढून टाकला. आमचं मत स्पष्ट आहे : शिस्तीचं काम यंत्राकडून करवून घेण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो फसला. तेलाचा प्रश्न तेलाच्या मापाचाही होता. बॉडीत तेल जास्त झालं की मागे येणारा वायू ते नेम धरलेल्या डोळ्याकडे फेकतो.

याच्याशी ताडून पाहण्याजोगी एम-१६ची हकिगत आहे. चाचणीत चाललेली रायफल व्हिएतनामात अडली, कारण मधल्या काळात काडतुसातली दारू बदलली होती. नव्या दारूने मळ जास्त सोडला आणि फायरचा वेग वाढवला. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत आत गंजाचे खड्डे पडत. पुंगळी त्या खड्ड्यांत रुतून बसे आणि ती ओढून काढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, तिची कड ओरबाडून रिकामा मागे येई. मग तोंडाकडून क्लीनिंग रॉड घालून पुंगळी ठोकून काढायची, तीही चालू चकमकीत. त्यातून सफाईचं सामानही पुरेसं दिलेलं नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने यावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर चेंबरला क्रोम आला. रायफल पास झाल्यावर दारू, तेल, मॅगझीन यांतलं काहीही बदललं, तर पुन्हा पहिल्यापासून चाचणी घ्यावी लागते.

प्रश्न : २०११ मध्ये म्हणे एकाच रायफलीत दोन काडतुसं चालतील अशी निविदा काढली होती. कल्पना तर चांगली होती. का बारगळली? (ठाणे)

उत्तर : कागदावर चांगली होती. नळी बदलायची की ५.५६ × ४५ची रायफल ७.६२ × ३९ची होईल, अशी अपेक्षा होती. पण नुसती नळी बदलून भागत नाही. ५.५६च्या पुंगळीचा बूड सुमारे ९.६ मिलिमीटरचा, ३९च्या पुंगळीचा ११.३ मिलिमीटरचा. म्हणजे बोल्टचं तोंड बदला, मॅगझीन बदला, गॅसचं प्रमाण जुळवा आणि शेवटी साइट पुन्हा झिरो करा (ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवा), कारण दोन गोळ्यांचे मार्ग वेगळे. ३०० मीटरला झिरो केलेल्या एके जातीच्या रायफलीची ३९ची गोळी मधल्या अंतरात नेमाच्या रेषेच्या जवळपास ३० सेंटिमीटर वरून जाते, ५.५६ची बरीच कमी. हे सगळं खंदकात, अंधारात, हातमोजे घालून कोण करणार? पाच विदेशी कंपन्यांच्या रायफली शर्यतीत होत्या. अखेर जून २०१५ मध्ये निविदा रद्द झाली.

अर्थात दोष केवळ कल्पनेचा नाही. आपल्याकडे निवड कशी होते ते पाहा. सैन्य गुणवत्तेच्या गरजा लिहितं, त्याला जीएसक्यूआर म्हणतात. मग संरक्षण खरेदी परिषदेची मान्यता, निविदा, कागदी तांत्रिक तपासणी, मैदानी चाचण्या आणि शेवटी उत्तीर्ण झालेल्यांत ज्याची किंमत सर्वांत कमी, त्याच्याशी वाटाघाटी. चाचणीसाठी कंपन्या शस्त्रं स्वखर्चाने आणतात. यात पास की नापास एवढंच पाहिलं जातं. उत्तम रायफलीला जास्त गुण द्यायची सोय नावापुरती. त्यामुळे गरजांच्या यादीतली एकेक ओळ फार जड असते. सगळ्यांच्या आवडीची एकेक ओळ घातली, की सगळ्या ओळी पाळणारी रायफल जगात उरत नाही.

उलटंही घडतं. जर्मन सैन्याची जी-३६ सलग फायरिंगनंतर नळी तापली की नेम सोडते, असं २०१५ मध्ये जाहीर झालं. सरकारने कंपनीकडे भरपाई मागितली. २०१६ मध्ये कोब्लेन्झच्या न्यायालयाने निकाल दिला की रायफली करारात मागितल्या तशाच आहेत. तापल्यावर किती नेम हवा, ते कुणी मागितलंच नव्हतं!

प्रश्न : मैदानी चाचणीत नेमकं काय करतात? आकडे कसे वाचायचे? (नागपूर)

उत्तर : सुरुवात सोप्या गोष्टींनी होते. वजन, लांबी, डोळे बांधून उघडणं-जोडणं, सुटे भाग दुसऱ्या रायफलीत बसतात का. मग नेम. रायफल टेकूवर ठेवून १०० मीटरवर गट घेतात, म्हणजे एकाच नेमावर काही गोळ्या झाडून भोकं किती पसरली ते मोजतात. गटाचा आकार कोनाच्या मिनिटांत सांगतात. एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. चार मिनिटांची रायफल १०० मीटरवर साधारण साडेअकरा सेंटिमीटरचा, ३०० वर ३५ सेंटिमीटरचा गट देते. माणसाची छाती साधारण ४५ सेंटिमीटर धरली, तर पायदळाला एवढं पुरतं. हाच गट थंड नळीवर, तापलेल्या नळीवर आणि साइट काढून पुन्हा लावल्यावर घ्यायचा. तिसरा प्रकार बरेच जण विसरतात.

मग छळ सुरू होतो. सुमारे दीड मीटरवरून काँक्रीटवर सहा बाजूंनी टाकायची. चेंबरमध्ये फक्त प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) असलेली रिकामी पुंगळी, प्रायमर उडाला की नापास. चिखल, उडती वाळू, खारं पाणी, बर्फ. उन्हात तापवलेली काडतुसं, कारण गरम दारूचा दाब वाढतो. राजस्थानातल्या मे महिन्यात उघड्या ट्रकमध्ये पडलेली पेटी हा प्रयोगशाळेतला प्रसंग नव्हे. सलग दीडशेच्या आसपास राउंड झाडून तापलेल्या चेंबरमध्ये एक राउंड ठेवून थांबायचं, चाप न ओढता उडतो का ते पाहायचं. पाण्यातून काढून लगेच झाडणंही येतं. इथे ५.५६च्या अरुंद नळीची खोड दिसते : पाणी केशाकर्षणाने आतच धरून राहतं आणि तसंच झाडलं तर नळी फुटू शकते. म्हणून तोंड खाली करायचं आणि बोल्ट थोडा मागे ओढायचा, म्हणजे मागून हवा शिरून पाणी गळतं. ७.६२च्या नळीत हा त्रास कमी.

आता आकडे. २००७ मध्ये अमेरिकी लष्कराने चार जातींच्या प्रत्येकी दहा रायफली घेऊन धुळीत प्रत्येक जातीचे ६०,००० राउंड झाडले. एक्सएम-८ एकूण १२७ वेळा अडली, स्कार २२६, एचके-४१६ २३३ आणि सैन्यात असलेली एम-४ ८८२ वेळा. म्हणजे एम-४ दर ६८ राउंडांना एकदा अडली. वृत्तपत्रांना मथळा मिळाला. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात, तशाच चाचणीत हीच एम-४ फक्त ३०७ वेळा अडली होती, दर १९५ राउंडांना एकदा. रायफल तीच आणि फरक जवळपास तिपटीचा. म्हणून एकाच चाचणीच्या क्रमवारीवर कधी विसंबू नका. आधी तीन गोष्टी विचारा : सगळ्यांना एकाच लॉटची काडतुसं दिली का, मॅगझीन नव्या होत्या की वापरलेल्या, आणि अडथळा नोंदवताना 'तीन सेकंदांत सुटला' व 'आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) न्यावी लागली' हे वेगळं मोजलं का. दुसऱ्या प्रकारचे पाच अडथळे पहिल्या प्रकारच्या पन्नासांपेक्षा वाईट.

प्रश्न : एके-२०३ चांगली की सिग-७१६? एका वाक्यात सांगा. (कोल्हापूर)

उत्तर : ३०० मीटरच्या आत एके, त्यापुढे सिग.

एवढ्यावर समाधान होणार नसेल तर थोडं आणखी. सिग-७१६ची नळी १६ इंचांची, मॅगझीन २० राउंडांची. २०१९ मध्ये ७२,४०० आणि २०२४ मध्ये आणखी ७३,००० मागवल्या. एके-२०३ मध्ये ३० राउंड, आणि ६ लाख १ हजार ४२७ नगांचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. त्या अमेठीजवळ कोरव्याच्या कारखान्यात बनतात. करार ५,१२४ कोटींचा, म्हणजे भागाकार केला तर नगाला ८५ हजार रुपये. सिगच्या दुसऱ्या लॉटला ८३७ कोटी, नगाला १ लाख १४ हजारांच्या घरात. पण नुसत्या रायफलीच्या किमतीवर थांबू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये या सिगवर बसवायच्या रात्रीच्या साइटसाठी वेगळा ६५९ कोटींचा करार करावा लागला. साइट, मॅगझीन, सफाईचं सामान, आर्मररची गेज, सुटे भाग हे सगळं धरलं, की मूळ रायफल हा बिलातला एक भाग उरतो.

पाषाणच्या एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर केलेली 'उग्रम' जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात दाखवली गेली. तीही ७.६२ × ५१, ४ किलोच्या आत आणि ५०० मीटरसाठी. तिचा खरा स्पर्धक सिग आहे, एके नव्हे. बातम्यांत हे सर्रास उलटं येतं.

प्रश्न : आमच्या वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसं बनतात. नव्या रायफलींमुळे काय फरक पडतो? (जळगाव)

उत्तर : बराच. पायदळात आता ५.५६ × ४५, ७.६२ × ३९ आणि ७.६२ × ५१ अशी तीन काडतुसं एकाच वेळी फिरणार. पेटीवर नुसतं '७.६२' वाचून चालत नाही. ३९ आणि ५१ एकमेकांत चालत नाहीत. गोळीचा व्यासही नेमका एक नाही, ३९ची ७.९, ५१ची ७.८ मिलिमीटर. पुरवठ्यात चूक झाली तर रायफल शाबूत आणि हात रिकामे, अशी गत. लाइट मशीनगन कोणतं काडतूस खाते हेही पाहावं लागतं, कारण चकमकीत मशीनगनवाल्याकडचं काडतूस रायफलवाल्याला देता आलं तर त्याचं मोल मोठं.

कारखान्याची बाजू दुर्लक्षित राहिली की काय होतं, ते फ्रान्समध्ये दिसलं. त्यांची फामास रायफल पोलादी पुंगळीच्या काडतुसावर बेतलेली होती. देशातलं काडतुसांचं उत्पादन बंद पडलं, बाहेरून पितळी पुंगळीची काडतुसं घ्यावी लागली आणि चांगल्या रायफलीला दुखणी सुरू झाली. २०१६ मध्ये त्यांनी जर्मन एचके-४१६ निवडली. म्हणून नवी रायफल घेताना चाचणीतली निम्मी काडतुसं तरी इथल्या कारखान्याची असावीत, विक्रेत्याने बरोबर आणलेली नकोत.

प्रश्न : मॅगझीन चापाच्या मागे असलेली आखूड 'बुलपप' रायफल सगळ्या पायदळाला का देत नाहीत? मी डावखुरा आहे, म्हणूनही विचारतो. (एनसीसी छात्र, रत्नागिरी)

उत्तर : नळी पूर्ण लांबीची ठेवून रायफल आखूड होते, हा फायदा खरा, गाडीत आणि दाराशी कामाला येतो. पण चाप पुढे आणि यंत्रणा मागे असल्याने मध्ये लांब दांडा लागतो, चाप जड आणि लिबलिबीत लागतो. मॅगझीन काखेजवळ, पालथं पडून बदलताना कोपर उचलावं लागतं. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे पुंगळी बाहेर पडण्याची खिडकी गालापाशी येते. ब्रिटिशांच्या एल-८५ मध्ये तर कॉकिंग हँडलही उजवीकडे, बोल्टबरोबर मागेपुढे धावणारं. डाव्या खांद्याला लावली तर ते थेट जबड्यावर बसेल. म्हणून तिथे डावखुऱ्यालाही ती उजव्या खांद्यावरूनच शिकवतात.